खापरपणजोबा विल्यम

म्हातारपणी जाइल्स मिंगेला कुणी आजोबांचं नाव विचारलं, की तो जागचा उठून मेंढ्यांकडे चालता व्हायचा. विचारणारा परगावचा असला तर बिचारा गोंधळायचा. आम्ही माल्थॉर्पची माणसं मात्र गप्प बसायचो. कारण हाच जाइल्स पंचेचाळिशीपर्यंत पूर्वजांशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, अशी गत.

माणूस वाईट नव्हता हो. कष्टाळू होता, बायकोवर हात उचलत नव्हता, दुष्काळात जव दडवून ठेवत नव्हता. साठ एकर स्वतःची जमीन, सव्वाशे मेंढ्या, सहा बैल आणि विटांची नवी चिमणी असलेलं घर. जमीन त्याच्या बापाने, हम्फ्रीने घेतलेली. राजाने मठ मोडले आणि त्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, तेव्हा म्हाताऱ्याने अर्धं आयुष्य साठवलेलं सगळं त्यात ओतलं. त्यामुळे जाइल्स झाला योमन: आपल्या जमिनीवर आपण राबायचं, कुणाची वेठ नाही, जहागीरदार दिसला तर टोपी काढायची, पण कंबर वाकवायची नाही. त्या एका शब्दाची त्याला काय मिजास! बाजारात कुणी नुसतं ‘जाइल्स’ म्हटलं, तर तो ऐकूच आलं नाही असं दाखवायचा.

आणि मग ते बाकाचं भांडण झालं. चर्चमध्ये कोणी कुठल्या बाकावर बसायचं यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ वैरी झालेत. जितकं घराणं जुनं तितका बाक पुढे, असा गावचा शिरस्ता. जून महिन्यातल्या एका रविवारी जाइल्सची बायको सिसली दुसऱ्या बाकाशी गेली, तर तिथे एडमंड कोबल्डची बायको ऐसपैस बसलेली.

“ऊठ म्हणावं तिला,” जाइल्स प्रार्थना संपल्या संपल्या कडाडला. “एडमंड, तुझा बाप सफक परगण्यातून गाढवावर बसून आला, ते बघणारे अजून जिवंत आहेत.”

“आणि तुझे वाडवडील काय नोहाच्या नावेतून उतरले?”

“उतरले! आणि उतरले ते थेट माल्थॉर्पात. दीडशे वर्षं आम्ही इथे आहोत. खोटं वाटतं? मग जहागिरीच्या कचेरीचं दप्तर काढा ना! बघा त्यात!”

खांबाला टेकून एक माणूस हे ऐकत होता. डॅनेट त्याचं नाव. आमची जहागीर वसंतात लंडनच्या एका नव्या धन्याने घेतली होती, आणि हा त्याचा कारभारी. आवाज कधी चढवायचा नाही. हातमोजे चढवता चढवता तो म्हणाला, “बघतो हं, मिस्टर मिंगे. नक्की बघतो.”

जाइल्सला बाक मिळाला. तीन रविवार सिसली तिथे बसली, आणि जाइल्स तिच्या शेजारी छाती काढून.

चौथ्या आठवड्यात कुरणात गवत कापणं चालू असताना कचेरीतून बोलावणं आलं. जाइल्स तसाच घामेजलेला गेला. डॅनेटने उठून खुर्ची दिली, जवाची बीअर ओतली, आणि मेजावर चामड्याची एक जुनी गुंडाळी पसरली.

“तुमचे आभार मानायला बोलावलं. तुम्ही म्हणालात म्हणून दप्तर काढलं. हे पाहा, विल्यम मिंगे. सव्वाशे वर्षांपूर्वीची नोंद आहे.”

जाइल्सचा चेहरा फुलला. “मी सांगत होतोच! आमचा खापरपणजोबा तो. कोबल्डला दाखवा हे.”

“खापरपणजोबा. अच्छा.” डॅनेटने ते टिपून घेतलं. “आणि त्याच्या नावापुढचा हा शब्द?”

“लॅटिन मला कुठलं येतंय?”

“रक्ताने बांधील, असा अर्थ होतो. जहागीरदाराचा रक्ताने बांधील माणूस विल्यम मिंगे, याने परवानगीवाचून मुलीचं लग्न लावलं, सबब दंड.” डॅनेटने गुंडाळीवरचं बोट काढलं नाही. “बांधील माणूस आणि त्याचं जे जे काही, ते सगळं जहागीरदाराचं. त्याचा मुलगा बांधील. त्याचाही मुलगा बांधील. मध्ये कुणी मुक्ततेचा कागद करून घेतला असेल तर आणा. नसेल, तर तुमच्या वडिलांनी घेतलेली जमीन ही आमच्या धन्याचीच. मेंढ्याही. कायदा अगदी शब्दशः धरला, तर अंगावरचा डगलासुद्धा.”

जाइल्सच्या तोंडचं पाणी पळालं. “पण... राणीच्या राज्यात... आता असं कोण उरलंय?”

“फार थोडे. म्हणून तर शोधावे लागतात.” डॅनेट हसला, आणि ते हसू अगदी सज्जन माणसाचं होतं. “सप्टेंबरअखेरच्या मिकलमस सणानंतरच्या गुरुवारी कचेरी भरेल. तोवर शोध घ्या. तुम्हाला घराण्याची आवड आहेच.”

घरी येताना जाइल्सला स्वतःचा बांध ओळखू येईना. पाय आपोआप चालत होते. कुरणात गडी गवत कापत होते आणि त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, की हे गवत कुणाचं? सिसलीने पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्याच्या हातून तो खाली पडला. “अहो, झालं काय? बोला तरी!” त्याने सांगितलं. सिसली पहिली गोष्ट बोलली ती थॉमसिनची. लेक एकोणीस वर्षांची, नाताळानंतर लग्न ठरवायचं चाललेलं. बांधील घरातली मुलगी कोण करून घेणार? आणि घेतलीच तरी लग्नाला परवानगी कुणाची? त्या हातमोजेवाल्याची.

“विकतचं दुखणं आणलंत,” ती म्हणाली. “एका बाकापायी.” एवढं बोलून तिने डोळ्यांना एप्रनचं टोक लावलं, आणि पुन्हा कधी तो विषय तोंडातून काढला नाही. ती ओरडली असती तर जाइल्सला बरं वाटलं असतं.

मग त्याने घराण्याचा शोध सुरू केला. पण आता शोध उलटा होता. विल्यमचा वंश कुठेतरी खुंटला असावा, आपले मिंगे दुसऱ्याच कुठल्या गावचे असावेत, कुणी उपरे, कुणी भटके, कुणीही चालतील, पण त्या विल्यमचे नकोत, यासाठी तो गावोगाव हिंडायला लागला. सुगीचे दिवस, शेतात जव पिकून उभा, आणि हा खोगीर कसून निघायचा. रात्री डोळा लागत नव्हता, जेवण जात नव्हतं. दाराशी कुणी घोड्यावरून आलं की हा मागल्या दाराने निघून जायचा. महिन्याभरात डगला अंगावर लोंबायला लागला.

आणि नशीब बघा कसं, ज्याला विचारावं तो खूश होऊन सांगायचा! सगळ्यांना वाटायचं, जाइल्सला आवडेल. शेजारच्या गावचा म्हातारा लोहार म्हणाला, “अरे, विल्यमचा मुलगा जॉन, तो तुझा पणजोबा. माझा आजा सांगायचा. अगदी सरळ वंश, हो! मध्ये कुठे खोट नाही.” एका विधवेने पेटीतून एक जुनं मृत्युपत्र काढलं. त्यात जॉन मिंगेने मुलगा वॉल्टरला पितळी पातेलं ठेवलं होतं. वॉल्टर म्हणजे जाइल्सचा आजोबा. जाइल्स पातेल्याचं नाव ऐकून रडकुंडीला आला. ते पातेलं त्याच्या घरी अजून चुलीवर होतं. बाई म्हणाली, “आनंद झाला ना? होतो बाबा, आपल्या माणसांचं नाव दिसलं की.”

शेवटचा धागा राहिला होता आजोबा वॉल्टर आणि बाप हम्फ्री यांच्यामधला. चर्चमध्ये जन्माच्या नोंदी सुरू झाल्या त्याच्या चाळीस वर्षं आधी हम्फ्री जन्मलेला. म्हणजे कागद नाही, निव्वळ माणसांची आठवण. आणि तेवढी आठवण असलेलं माणूस गावात एकच, अठ्ठ्याऐंशी वर्षांची मार्जरी बंगे. भिंतीशी उन्हात बसून शेंगा सोलत होती.

“तुझ्या आजीचं लग्न? बघितलंय की! ॲग्नेस. काय देखणी होती पोर! दहा वर्षांची असेन मी, लग्नातला केक खाऊन पोट बिघडलं माझं. आणि पुढच्या वर्षी मेंढ्या कातरायच्या दिवसांत तुझा बाप झाला. वॉल्टर नाचत होता रे अंगणात!”

“आजी,” जाइल्सने हळूच विचारलं, “नक्की लग्नानंतर?”

म्हातारीने शेंग टाकली आणि त्याच्याकडे रोखून बघितलं. “लाज नाही वाटत असलं विचारायला? ॲग्नेससारखी बाई झाली नाही या गावात.”

तिथून जाइल्स थेट पाद्री पेककडे गेला. पेक बुटका, सर्दीने कायम नाक ओढणारा, पण कायद्याची चार पुस्तकं वाचलेला माणूस. त्याने सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

“एक वाट आहे. सांगायला मलाच बरं वाटत नाही. लग्नाआधी जन्मलेलं मूल कायद्याने कुणाचंच नसतं. पुढे त्याच आईबापांनी लग्न केलं तरी नसतं. आणि जो कुणाचाच नाही, तो बांधील तरी कुणाच्या रक्ताने होणार? तुमचे वडील तसे ठरले, तर तेही सुटले, तुम्हीही सुटलात, पोरंही सुटली. जमीन वडिलांनी स्वतः विकत घेतलेली, वारशाने आलेली नाही. तिला धक्का लागत नाही.”

“पण ते तसे नाहीत! मार्जरी सांगते...”

“मला काही सांगू नका,” पेक घाईघाईने म्हणाला. “जे मला ठाऊक नाही ते मला ठाऊक नाही. पण बायबलवर हात ठेवून शपथेवर सांगावं लागेल, आणि ते सांगणारा माणूस एकच आहे. खोट्या शपथेचं फळ काय, तेही मीच दर रविवारी सांगतो. तेव्हा विचार करा.”

विचार कसला करणार! हम्फ्री अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. दात सगळे गेलेले, गुडघे गेलेले, पण रविवार एक चुकवला नव्हता. आयुष्यात खोटं बोलला नव्हता. मेंढी विकतानासुद्धा तिचा लंगडा पाय आपणहून दाखवायचा, आणि त्यावरून जाइल्स त्याच्याशी भांडायचा. आणि आई म्हटली की म्हाताऱ्याचा जीव. साठ वर्षं झाली ॲग्नेसला जाऊन, तरी तिच्या नावाने तो अजून रोज रात्री प्रार्थनेत एक ओळ म्हणायचा. मठांनंतर आलेल्या नव्या पंथात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत म्हणून हळू म्हणायचा, इतकंच. त्या माणसाला जाऊन काय सांगायचं, की बाबा, तुमची आई छिनाल होती म्हणून भर कचेरीत शपथ घ्या? जाइल्सने ठरवलं, नाही सांगायचं. गेलं तर गेलं सगळं.

ठरवलं खरं, पण भीती काही गेली नाही. उलट वाढली. कचेरीला आठवडा राहिला, मग चार दिवस, मग दोन. बुधवारी सकाळी तो खळ्यावर उभा होता. हातात दावं, पण बैल सोडायचा की बांधायचा ते सुचेना. हम्फ्री काठी टेकत आला.

“जाइल्या.”

“काय बाबा?”

“तू दोन महिने गावभर विचारत फिरतोस, आणि माझ्याजवळ येत नाहीस. मी काय मेलोय?”

“तसं नाही...”

“पेक भेटला मला काल. मी धरलाच त्याला, सोडलाच नाही. सांगितलं त्याने.”

“बाबा, मी तुम्हाला ते कधीच मागितलं नसतं. आईची शप्पथ!”

“शपथा घेऊ नकोस,” म्हातारा एकदम कडक आवाजात म्हणाला. मग बराच वेळ तो काठीने भुसा ढकलत राहिला. शेवटी तो वळला आणि घरात गेला. दुपारी जेवायला आला नाही. सिसली खिमट घेऊन गेली, तर आतून कडी.

गुरुवारी कचेरी भरली. दालनात सगळा गाव. बारा पंच भिंतीशी बाकावर, त्यांचा म्होरक्या नेमका एडमंड कोबल्ड. डॅनेटने गुंडाळी उघडली आणि शांत आवाजात वाचायला सुरुवात केली: विल्यम बांधील. विल्यमचा जॉन. जॉनचा वॉल्टर. वॉल्टरचा हम्फ्री. हम्फ्रीचा जाइल्स. एकेक नावाला त्याच्याजवळ साक्ष होती. लोहार होता, मृत्युपत्र होतं. जाइल्सने स्वतः हिंडून जे जे उकरलं होतं, ते सगळं डॅनेटच्या माणसाने मागून जाऊन गोळा केलं होतं.

“यात काही चूक आहे, मिस्टर मिंगे?”

जाइल्स उभा राहिला. जीभ टाळ्याला चिकटलेली. त्याने सिसलीकडे पाहिलं, तिच्या मागे थॉमसिन उभी होती, पांढरीफटक. तो पुन्हा खाली बसला.

“मग पंचांनी नोंद घ्यावी...”

“थांबा.” मागून काठीचा आवाज आला. हम्फ्री रविवारचे कपडे घालून आला होता. “चूक आहे. मी वॉल्टर मिंगेचा नाही.”

दालनात कुजबुज झाली. डॅनेटने पहिल्यांदाच मान वर केली. “शपथेवर सांगाल?”

“आणा पुस्तक.”

पेकने बायबल आणलं. नाक ओढत होता तो, पण त्या दिवशी सर्दी नव्हती. म्हाताऱ्याने त्यावर हात ठेवला.

“माझी आई ॲग्नेस वॉल्टर मिंगेच्या घरात आली, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. लग्नाच्या दिवशी मी माझ्या पायांनी चालत गेलो.”

कुणीतरी फिसकन हसलं. “आईच्या लग्नात जेवून आलेला माणूस आहे,” एक जण म्हणाला, आणि मग बरेच हसले.

“तर मग तुमचा बाप कोण?” डॅनेटने विचारलं.

“तिने सांगितलं नाही. तिला तरी ठाऊक असेल की नाही, देव जाणे.”

हसणं वाढलं. म्हातारा पुढे बघत ताठ उभा होता. जाइल्सला वाटलं, जमीन दुभंगावी. ओरडावं, की हे खोटं आहे, ती देवमाणूस होती! तोंड उघडलंही त्याने. पण थॉमसिन समोर होती, आणि त्याने ते मिटलं.

“गावाला हे माहीत आहे?” डॅनेट पंचांकडे वळला. जाइल्सने डोळे मिटून घेतले. कोबल्डच्या हातात सगळं गेलं होतं, ज्या कोबल्डच्या बापाला त्याने भर चर्चमध्ये गाढवावर बसवलं होतं. पंच डोकी जवळ आणून कुजबुजले. त्यांनी त्या गुंडाळीकडे पाहिलं. जाडजूड होती ती, आणि आत आणखी बरीच नावं होती. प्रत्येकाला आपला आपला आजा आठवला असावा.

“माहीत आहे,” कोबल्ड म्हणाला. “लहानपणापासून ऐकतोय आम्ही. चारचौघांत बोलत नाही, एवढंच.”

मार्जरी बंगे दाराशी बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. हम्फ्री शेजारून बाहेर पडताना मात्र तिने तोंड फिरवलं.

जमीन राहिली. मेंढ्या राहिल्या. त्या रात्री जाइल्स दोन महिन्यांनी पोटभर जेवला आणि मेल्यासारखा झोपला. नाताळानंतर थॉमसिनचं लग्नही पार पडलं. दुसऱ्या बाकावर मात्र मिंगे पुन्हा बसले नाहीत. अगदी मागे, दाराच्या वाऱ्यात बसायला लागले. कुणी बसवलं नव्हतं त्यांना तिथे. पोरंटोरं ॲग्नेसच्या नावाने गाणं करून म्हणायची, घाणेरडं गाणं. ते ऐकून एकदा जाइल्स चाबूक घेऊन धावला आणि मध्येच थांबला. चाबूक कुणाला मारणार?

हम्फ्री त्या दिवसापासून चर्चमध्ये यायचा, पण प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर जायचा. रात्रीच्या प्रार्थनेतली आईची ओळ बंद झाली. भिंतीपलीकडून जाइल्स कान देऊन ऐकायचा. बाकी सगळी प्रार्थना व्हायची, तेवढी ओळ नाही.

फेब्रुवारीत म्हाताऱ्याने अंथरूण धरलं. पेक येऊन गेला. तो गेल्यावर जाइल्स आत आला. खिडकीतून दुपारचं ऊन पडलं होतं. अंगणात माहेरपणाला आलेली थॉमसिन कोंबड्यांना दाणे टाकत होती. हम्फ्री तिच्याकडे बघत होता.

“काय म्हणाला पाद्री?”

“म्हणाला, मनापासून पश्चात्ताप केला की देव खोटी शपथसुद्धा माफ करतो. पुन्हा कचेरीत जायची गरज नाही. त्याच्यापाशी मनातल्या मनात केला तरी चालतो.”

“मग झालं तर, बाबा!” जाइल्सला एकदम इतकं बरं वाटलं, की त्याने म्हाताऱ्याचा हात धरला. हात बर्फ होता, तोच, त्या दिवशी पुस्तकावर ठेवलेला.

“करून बघतो रे. चार महिने रोज करून बघतोय. डोळे मिटतो, आईला समोर आणतो, म्हणतो, चुकलो. आणि मग ही पोर दारातून जाताना दिसते.” त्याने जाइल्सकडे मान वळवली. डोळे पार विस्फारलेले होते. “मला पश्चात्ताप होतच नाही, जाइल्या. मला भीती वाटते रे.”